नकाशा डासाचा, शिक्का माणसावर

हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमायनो आम्लं एकापुढे एक ओवलेली असतात. त्यातल्या १२१ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लुटामीन आलं की जे हिमोग्लोबिन तयार होतं, त्याला शास्त्रात दोन नावं आहेत. एक डी-लॉस एंजेलिस आणि दुसरं डी-पंजाब. प्रथिन तेच, बदल तोच. ते एकदा लॉस एंजेलिसच्या एका कुटुंबात सापडलं आणि एकदा पंजाबी माणसांत, म्हणून दोन नावं चिकटली. ज्याच्या शरीरात ते असतं त्याच्याबद्दल ही नावं काहीच सांगत नाहीत. संशोधकाने आधी कुणाचं रक्त पाहिलं, एवढंच त्यांतून कळतं.

घोळ नावापुरताच असता तर गंमत म्हणून सोडून देता आला असता. पण तोच घोळ औषधांच्या माहितीपत्रकात उतरतो. रासब्युरिकेज हे औषध काही रक्ताच्या कर्करोगांत उपचारादरम्यान साठणारं युरिक आम्ल झपाट्याने कमी करतं. ते करताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. तांबड्या पेशीत जी६पीडी नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, पुरेसं असेल तर पेशी हा मारा सोसते; नसेल तर पेशी फुटतात, आणि त्या इतक्या फुटू शकतात की जिवावर बेतावं. म्हणून औषध देण्याआधी या विकराची तपासणी हवी. अमेरिकी माहितीपत्रक सांगतं की धोका जास्त असलेल्यांची तपासणी करा, उदाहरणार्थ आफ्रिकी किंवा भूमध्यसागरी वंशाच्या रुग्णांची. आता जी६पीडीच्या कमतरतेचे जे प्रकार भारतीय उपखंडात सर्रास आढळतात, त्यांतल्या एकाचं नाव ‘ओडिशा’ आणि दुसऱ्याचं ‘केरळ-कल्याण’ आहे. ‘महिडॉल’ नावाचा प्रकार आग्नेय आशियातला. जगभरात सुमारे ४० कोटी लोकांमध्ये ही कमतरता असावी असा अंदाज सांगितला जातो. उदाहरणादाखल लिहिलेले दोन शब्द घाईतल्या डॉक्टरच्या डोक्यात यादी होऊन बसतात, आणि मग जो त्या यादीत बसत नाही तो सुरक्षित ठरतो.

माझं म्हणणं साधं आहे. तांबड्या पेशीतल्या प्रथिनांमध्ये माणसामाणसांत फरक आहेत, ते खरे आहेत आणि वैद्यकाने ते गंभीरपणे घ्यायलाच हवेत. पण ते घ्यायचे तर प्रथिन तपासा, वंश विचारू नका. वंशाचा रकाना फार तर कुठल्या दिशेला शोधायचं ते सुचवू शकतो. समोर बसलेल्या माणसात ते आहे की नाही, हे तो ठरवू शकत नाही.

हे फरक आले कुठून, हे पाहिलं की मुद्दा उघड होतो. तांबडी पेशी हे हिवतापाच्या परोपजीवीचं घर आहे. हजारो वर्षं ज्या ज्या भागात हिवतापाने लहान मुलं मारली, तिथे पेशीत घुसणं किंवा आत वाढणं अवघड करणारा कोणताही बदल टिकून राहिला, मग त्याची किंमत काहीही असो. जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलेसेमियाबद्दल, म्हणजे हिमोग्लोबिन कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराबद्दल, असा तर्क मांडला. सिकलसेलच्या, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या बदलाने तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकण्याच्या आजाराच्या, बाबतीत तो पुराव्यानिशी पुढे नेला अँथनी अ‍ॅलिसन यांनी, १९५४ मध्ये. पूर्व आफ्रिकेत फिरताना त्यांच्या लक्षात आलं होतं की सिकलच्या जनुकाची एक प्रत बाळगणाऱ्यांचं प्रमाण समुद्रकिनारी आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी २० टक्क्यांहून अधिक आहे, आणि उंचावरच्या भागात ते १ टक्क्याच्याही आत आहे. जनगणनेच्या तक्त्यात ही सगळी माणसं एकाच रंगाची. फरक पडला होता तो समुद्रसपाटीपासूनच्या उंचीने, म्हणजेच डासाने.

एकदा ही किल्ली हातात आली की नकाशा वेगळाच दिसू लागतो. सिकलचं हिमोग्लोबिन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत आहे, पण आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या खोसा लोकांत जवळजवळ नाही. ते ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोस गावात आहे, सिसिलीत आहे, अरबस्तानाच्या पूर्वेकडच्या मरूद्यानांत आहे. निलगिरीतल्या आदिवासींमध्ये ते १९५२ मध्ये सापडलं आणि पुढे मध्य भारतातल्या कितीतरी समाजांत. हा आजार ‘काळ्यांचा’ हे समीकरण अमेरिकेत मात्र दशकानुदशकं घट्ट बसलं होतं. जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये कोयत्याच्या आकाराच्या पेशींचं पहिलं वर्णन छापलं, त्यांचा रुग्ण ग्रेनाडाहून शिकायला आलेला तरुण होता. पुढे एखाद्या गोऱ्या रुग्णात तीच पेशी दिसली की निदानाबद्दल शंका घेण्याऐवजी त्याच्या पूर्वजांबद्दल घेतली जाई: कुठेतरी आफ्रिकी रक्त मिसळलं असणार! सिद्धांत वाचवण्यासाठी माणसाची वंशावळ दुरुस्त करण्याचा हा प्रकार आज हास्यास्पद वाटतो. पण रकान्याला पुरावा मानलं की बुद्धिमान माणसंही असंच करतात.

बरं, प्रत्येक प्रथिनाचा नकाशा वेगळा. हिमोग्लोबिन सी पश्चिम आफ्रिकेत, बुर्किना फासो आणि मालीच्या आसपास. हिमोग्लोबिन ई थायलंड, लाओस, कंबोडियाच्या त्रिकोणात आणि ईशान्य भारतात. पेशीच्या आवरणातल्या बँड-३ या प्रथिनातली सलग नऊ अमायनो आम्लं गळाली की पेशी लंबगोल होते. हा बदल पापुआ न्यू गिनीच्या किनाऱ्यावर आणि मलेशियात आढळतो. आई आणि वडील दोघांकडून तो मिळालेलं मूल जवळपास कधीच जन्माला येत नाही, तरीही तो टिकला, कारण एकाच प्रतीने मेंदूच्या हिवतापापासून संरक्षण मिळतं. डान्टू हा पूर्व आफ्रिकेतला रक्तगट पेशीच्या आवरणातल्या ग्लायकोफोरिन प्रथिनांच्या दोन जनुकांच्या मिसळीतून बनला. त्याने पेशीचं आवरण जरा ताणलेलं राहतं आणि परोपजीवीला आत शिरणं जड जातं. आता हे सगळे नकाशे एकमेकांवर ठेवा. एकाची सीमा दुसऱ्याशी जुळत नाही, आणि कुठलीच सीमा आपण ज्याला वंश म्हणतो त्याच्या सीमेशी जुळत नाही.

यात सगळ्यात बोलकी गोष्ट डफीची. १९५० मध्ये डफी आडनावाच्या, वारंवार रक्त घ्यावं लागणाऱ्या एका हिमोफिलियाच्या रुग्णात हा रक्तगट ओळखला गेला. पेशीच्या आवरणावरचं हे एक प्रथिन आहे. व्हायवॅक्स जातीचा हिवताप पेशीत शिरताना याच प्रथिनाला धरतो. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या ९० टक्क्यांहून अधिक लोकांच्या तांबड्या पेशीवर ते नसतंच. लुई मिलर आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवलं की व्हायवॅक्सला त्यांच्यात शिरकाव न मिळण्याचं कारण हे आहे. १९९५ मध्ये नेमका बदलही कळला. जनुक शाबूत असतं, पण ते चालू करणाऱ्या भागातलं एकच अक्षर बदललेलं असतं, त्यामुळे फक्त तांबड्या पेशींच्या वंशावळीत ते बंद राहतं. शरीरात इतरत्र प्रथिन तयार होतच असतं. (यालाही अपवाद निघालेच. मादागास्करमध्ये डफी नसलेल्या माणसांनाही व्हायवॅक्सची लागण होते, हे २०१० मध्ये प्रसिद्ध झालं. परोपजीवीही पर्याय शोधत असतो.)

इथवर ही डासाची गोष्ट झाली. पण याच एका अक्षराचा पांढऱ्या पेशींवरही परिणाम होतो. ज्यांच्या तांबड्या पेशींवर डफी नाही त्यांच्या रक्तात फिरणाऱ्या न्यूट्रोफिलची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, संख्या थोडी कमी मोजली जाते. ही माणसं निरोगी असतात, त्यांना जंतुसंसर्ग जास्त होत नाही. पण प्रयोगशाळेचा ‘सामान्य’ आकडा ठरला होता तो बहुतांशी युरोपीय वंशाच्या माणसांवर. त्यात खालची मर्यादा एका मायक्रोलिटरला सुमारे १५००. मग १२०० निघाले की तो आजार. वैद्यकाने यासाठी काढलेलं नाव होतं ‘सौम्य वांशिक न्यूट्रोपेनिया’. न्यूट्रोपेनिया म्हणजे न्यूट्रोफिलची कमतरता. निरोगी माणसाच्या नेहमीच्या आकड्याला आधी आजार म्हणायचं, मग तो सौम्य आहे म्हणायचं, आणि कारणाच्या जागी वंश लिहायचा. एवढ्या तीन शब्दांत इतक्या चुका क्वचितच मावल्या असतील.

कारण खरोखर वंश असता तर येमेनी ज्यूंमध्येही तोच प्रकार का दिसावा? ते आफ्रिकी अमेरिकी नाहीत, पण डफी नसणं त्यांच्यातही पुष्कळ आहे. २००९ मध्ये हा दुवा जनुकाच्या पातळीवर पक्का झाला. आफ्रिकी अमेरिकी माणसांतही ज्याच्याकडे डफीचं चालू जनुक आहे, त्याचा आकडा इतरांसारखाच. म्हणजे वंशाचा संबंध डफीपुरता आहे, डफी कळल्यावर वंशाने भर पडत नाही.

या नावाची किंमत रुग्णांनी मोजली. क्लोझापीन हे औषध इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियात शेवटचा आधार मानलं जातं, आणि ते घेताना न्यूट्रोफिलवर लक्ष ठेवावं लागतं. आकडा जन्मापासूनच थोडा कमी असलेल्यांना ते नाकारलं गेलं, किंवा चांगला गुण येत असताना बंद केलं गेलं. कर्करोगाच्या औषधांचे डोस पुढे ढकलले गेले, नव्या औषधांच्या चाचण्यांत प्रवेशाच्या अटीत ही माणसं बसली नाहीत. अमेरिकेत २०१५ मध्ये क्लोझापीनच्या नियमांत अशा लोकांसाठी वेगळी, खालची मर्यादा आली, पण तीही ‘वांशिक’ याच नावाखाली. अलीकडे रक्तविकारतज्ज्ञांनी ‘डफी-नल (म्हणजे डफी नसलेल्यांची) न्यूट्रोफिल संख्या’ असा शब्द वापरायला सुरुवात केली आहे. मला हा बदल केवळ सौजन्याचा वाटत नाही. जुन्या नावावरून डॉक्टर रुग्णाचा चेहरा बघत असे. नवीन नाव त्याला रक्तपेढीत कुठलीही यंत्रणा न बदलता होऊ शकणारी एक साधी तपासणी करायला सांगतं.

रक्तातून वंश शोधण्याचा हा नाद जुना आहे. पहिल्या महायुद्धात मॅसिडोनियाच्या आघाडीवर लुडविक आणि हांका हिर्शफेल्ड या डॉक्टर दांपत्याने अनेक देशांच्या हजारो सैनिकांचे एबीओ रक्तगट तपासले आणि १९१९ मध्ये निष्कर्ष छापले. (एबीओचा ठसा स्वतः प्रथिनाचा नसून साखरेचा, पण ती साखर जोडणारं विकर हे प्रथिनच.) गटांचं प्रमाण देशागणिक बदलतं हे त्यांचं निरीक्षण बरोबर होतं. त्यावरून त्यांनी ‘जीवरासायनिक वंश निर्देशांक’ काढला. पुढे वंशवाद्यांनी हीच कल्पना उचलली. आणि ज्यू कुटुंबात जन्मलेल्या लुडविक हिर्शफेल्ड यांना वॉर्साच्या घेट्टोत, म्हणजे नाझींनी ज्यूंना डांबलेल्या वस्तीत, दिवस काढावे लागले.

पन्नास वर्षांनी याच प्रकारच्या माहितीने उलटा निकाल दिला. जेलमधून विजेच्या दाबाने प्रथिनं पळवून त्यांचे प्रकार वेगळे करण्याची पद्धत तोवर रुळली होती. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोन्टिन यांनी १९७२ मध्ये रक्तगट, रक्तद्रवातली प्रथिनं आणि तांबड्या पेशीतली विकरं यांची १७ जनुकं घेऊन हिशेब मांडला. मानवजातीतल्या एकूण वैविध्यापैकी ८५.४ टक्के एकाच लोकसमूहाच्या आत निघालं, ८.३ टक्के एका वंशातल्या समूहांमध्ये, आणि वंशावंशांमध्ये फक्त ६.३ टक्के. याला संख्याशास्त्रज्ञ ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये दिलेलं उत्तरही प्रामाणिकपणे मांडायला हवं. ते म्हणाले, एकेका जनुकाने माणूस कुठल्या समूहातला हे कळत नाही हे खरं, पण शेकडो जनुकं एकत्र पाहिली तर बऱ्यापैकी कळतं. गणित त्यांचंही बरोबर आहे. फक्त दवाखान्यात प्रश्न वेगळा असतो. तिथे शेकडो जनुकांवरून रुग्णाचे पूर्वज कुठले हे ओळखायचं नसतं. एका ठरावीक विकराची पातळी किती, एवढंच हवं असतं. आणि पूर्वज कळले तरी ते एक विकर कळत नाही.

जी६पीडीकडे परत येतो, कारण माझ्या म्हणण्याची खरी कसोटी तिथे आहे. या कमतरतेचा शोध लागला तो १९५६ मध्ये, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याच्या एका तुरुंगात चाललेल्या हिवतापाच्या औषधांच्या प्रयोगांतून. प्रायमाक्वीन घेतल्यावर काही कृष्णवर्णीय कैद्यांच्या पेशी फुटत होत्या, आणि त्यामागे हे विकर निघालं. कैद्यांची संमती कितपत स्वेच्छेची होती, हा वेगळ्या लेखाचा विषय. पुढे याच्या उलट चूक झाली. क्लोरप्रोग्वानिल आणि डॅप्सोन यांचं एकत्रित औषध खास आफ्रिकेतल्या हिवतापासाठी बाजारात आलं, आणि जी६पीडीची कमतरता असलेल्यांच्या पेशी फुटतात म्हणून २००८ मध्ये मागे घ्यावं लागलं. म्हणजे इथे समूह माहीत होता, त्यात ही कमतरता वारंवार असते हेही माहीत होतं, तरी प्रत्येकाची तपासणी करण्याची सोय नसल्याने औषधच बाद झालं.

२०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या टॅफेनोक्वीनच्या बाबतीत हे शहाणपण नियमात आलं. एकाच डोसात व्हायवॅक्सचा मुळासकट बंदोबस्त करणारं हे औषध देण्याआधी विकराची पातळी मोजायची, ७० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरच द्यायचं. माणूस कुठला, हा प्रश्नच नाही. आणि मोजायची का, नुसतं ‘आहे-नाही’ का पुरत नाही? कारण स्त्रिया. हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू राहतो, त्यामुळे एक सदोष प्रत असलेल्या स्त्रीच्या रक्तात चांगल्या आणि कमकुवत पेशींची सरमिसळ असते. पातळी मधलीच कुठलीतरी येते आणि झटपट चाचणी तिला ‘ठीक’ म्हणून सोडते. तिच्या अर्ध्या पेशींना मात्र धोका असतोच. एकाच स्त्रीच्या शरीरात जिथे दोन तऱ्हेच्या तांबड्या पेशी फिरतात, तिथे अख्ख्या समूहाला एक शिक्का मारण्याचा अर्थ काय उरतो?

मधुमेहाच्या चाचणीतही हेच. एचबीए१सी चाचणी गेल्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर सांगते, असं आपण धरतो. ती खरं म्हणजे हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते सांगते, आणि पेशी लवकर मरत असेल तर चिकटायला वेळच कमी मिळतो. जी६पीडीच्या एका आफ्रिकी प्रकारात हा आकडा पुरुषांत सुमारे ०.८ टक्के अंशांनी कमी येतो. सिकलच्या वाहकांतही, म्हणजे जनुकाची एकच प्रत असलेल्या निरोगी माणसांतही, तो साखरेच्या मानाने कमी दिसतो. मधुमेह असून नसल्यासारखा. यावर ‘अमुक वंशासाठी वेगळी मर्यादा’ हा सोपा उपाय सुचतो, आणि तो चुकीचा आहे. त्या वंशातल्या ज्यांच्याकडे हा बदल नाही त्यांना तो नसता आजार चिकटवेल, आणि वंशाबाहेरच्या ज्यांच्याकडे आहे त्यांना निसटू देईल.

आता माझ्या विरोधातले दोन मुद्दे. पहिला पैशांचा: सगळ्यांची तपासणी परवडत नाही, म्हणून जिथे प्रमाण जास्त तिथेच करा. हे भूगोलाच्या बाबतीत मला मान्य आहे. ज्या जिल्ह्यात सिकल जास्त, तिथे आधी जा. पण तिथे गेल्यावर दारं निवडू नका. अमेरिकेने आधी उलटं करून पाहिलं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी सिकलची तपासणी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांतला फरक कायदे करणाऱ्यांनाच नीट ठाऊक नव्हता. निरोगी वाहकांना नोकऱ्या आणि विमे नाकारले गेले. हवाई दलाच्या अकादमीची दारं वाहकांना १९८१ पर्यंत बंद होती. पुढे १९८६ मध्ये सिद्ध झालं की लहानपणीच पेनिसिलिन सुरू केलं तर सिकलच्या बाळांना होणारे गंभीर संसर्ग मोठ्या प्रमाणावर टळतात. मग १९८७ मध्ये तज्ज्ञांच्या परिषदेने सांगितलं, वंश न पाहता प्रत्येक नवजात बाळाची तपासणी करा. २००६ पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांत ते लागू झालं. टाचेतून काढलेला रक्ताचा थेंब सगळ्यांचाच घेतला जाऊ लागला, तेव्हा तपासणी हा कुणा एका समाजाचा कलंक उरला नाही.

तपासणी सार्वत्रिक झाली की प्रश्न मिटला, असं मात्र मी म्हणणार नाही. ऑर्कोमेनोसमध्ये वाहकांना आधी कळवूनही लग्नं पूर्वीसारखीच जुळत राहिली, कारण अनेकांनी वाहक असल्याचं लपवलं. वाहक असणं हा आजार नाही, ही एक ओळ समजावून सांगायला रक्त तपासण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि त्या वेळेसाठी पैसे क्वचितच मंजूर होतात.

दुसरा मुद्दा जास्त अवघड, आणि तिथे मी थोडा माघार घेतो. सिकलच्या अनेक रुग्णांना पुन्हा पुन्हा रक्त लागतं. दात्याच्या पेशीवरची प्रथिनं वेगळी असतील तर रुग्णाचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्यं बनवतं, आणि हळूहळू जुळणारं रक्त मिळणंच कठीण होतं. साधं ‘आरएच निगेटिव्ह’ घ्या. अशा युरोपीय माणसात बहुधा आरएच-डी या प्रथिनाचं जनुकच गळालेलं असतं. आफ्रिकी वंशाच्या अशा बऱ्याच जणांत जनुक असतं, पण ३७ अक्षरांची एक पाचर बसून निकामी झालेलं. पूर्व आशियातल्या काही ‘निगेटिव्ह’ माणसांच्या पेशीवर ते प्रथिन नेहमीच्या चाचणीला न सापडण्याइतकं थोडं असतंच. जुळणारे दाते हवेत तर रक्तपेढीला त्या-त्या समाजात जाऊन आवाहन करावं लागतं, आणि तिथे कुळाचं नाव घेतल्याशिवाय चालत नाही. हे मान्य. पण हे आवाहन दाता कुठे भेटेल यासाठी आहे. पिशवी रुग्णाला लावायची की नाही हे प्रयोगशाळाच ठरवते, दात्याच्या तोंडवळ्यावरून कुणी पिशवी लावत नाही. हाच नियम पिशवीला लागू आहे आणि क्लोझापीनला नव्हता. असं का, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुठल्या तज्ज्ञाकडून मिळालेलं नाही.